व्हायोलिनवादकाचा संसार

वार्षिक परीक्षा आटोपल्या कीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक प्रश्न निघतो. मुलाला किंवा मुलीला एखादें वाद्य शिकवावें काय, आणि शिकवावयाचें तर कोणतें? तबल्यानें शेजारी त्रासतात, सतार नाजूक आणि न्यावयाआणावयास अवघड, पेटी तर घरोघर. असा एकेका वाद्याचा निकाल लावीत मंडळी अखेर व्हायोलिनपाशीं येऊन थांबतात. वाद्य आटोपशीर, खोळींत घालून कोठेंहि नेण्याजोगें. देशी संगीताला तें चालतें, आणि पाश्चात्य संगीताचें तर त्याच्यावांचून अडतें. मग कोणी तरी बाजारांतून एक चकचकीत व्हायोलिन घेऊन येतो. सहा महिने घरांत बिजागऱ्या करकराव्या तसा आवाज निघत राहतो, आणि वर्षअखेर तें वाद्य माळ्यावर जाऊन पडतें. दोष मुलाचा नसतो. वाद्याचाहि बहुधा नसतो. हें वाद्य आपल्या धन्याकडून काय मागतें, तें आरंभीं कोणीं सांगितलेलें नसतें.

तें पहिल्यानें मागतें कान. सतारीला पडदे आहेत, पेटीला पट्ट्या आहेत. बोट जागेवर पडलें कीं स्वर जागेवर येतो. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर कसलीच खूण नाहीं. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारेची लांबी सुमारें १३ इंच. तिच्या अर्ध्या लांबींत, म्हणजे साडेसहा इंचांत, सबंध सप्तक बसवावयाचें असतें. आणि हात जसजसा वर सरकतो तसतशीं स्वरांमधील अंतरें आंखूड होत जातात. बोट ज्वारीच्या दाण्याएवढें सरकलें तरी स्वर उघड बेसूर होतो. ज्या मुलाला तंबोऱ्याच्या षड्जांत स्वतःचा गळा मिळवितां येत नाहीं, त्याच्या बोटाला तो षड्ज सांपडावा कसा? म्हणून विचारी शिक्षक पहिले कांहीं आठवडे विद्यार्थ्याकडून गाऊन घेतो. आईबापांना वाटतें, फी व्हायोलिनची आणि शिकवणी गाण्याची! त्यांनीं तक्रार करूं नये. हेच आठवडे पुढें वर्षें वांचवितात.

कांहीं शिक्षक काळ्या पट्टीवर रंगीत कागदाच्या चिकटपट्ट्या लावून स्वरांच्या जागा दाखवितात. दोन-तीन महिन्यांपुरता हा उपाय ठीक आहे. त्यापुढें त्या पट्ट्या ठेवल्या तर कानाचें काम डोळा करूं लागतो, आणि डोळ्याला तें कधींच नीट जमत नाहीं. त्यापेक्षां तंबोरा बरा. घरीं लांकडी तंबोरा नसला तर विजेवर चालणारा किंवा मोबाइलमधला तंबोराहि चालेल; पण तो सुरू केल्यावांचून खोळ उघडावयाची नाहीं, असा घरांत नियमच असावा. वाद्य मिळविण्याचें कामहि विद्यार्थ्यानें लवकर स्वतःकडे घ्यावें. दक्षिणेकडील वादक चार तारा षड्ज, पंचम, षड्ज, पंचम अशा लावतात. हिंदुस्थानी वादकांत याविषयीं एकमत नाहीं, तेव्हां गुरु सांगेल ती पद्धति धरावी आणि मध्येंच ती बदलूं नये. खुंटी फिरवितांना ती आंत दाबीत फिरवावी, म्हणजे ती बसते. नुसती फिरविली तर ती सुटते, आणि मूल रडकुंडीस येतें.

नवशिक्याचें सारें लक्ष डाव्या हातावर असतें, कारण बोटें तेथें नाचतात. ऐकणाराच्या कानावर मात्र पडतो तो उजवा हात. स्वराचा गोडवा, त्याचें लहानमोठेपण, दोन स्वरांमधला श्वास, हें सारें गजांतून येतें. गज दिसावयास काडीसारखा. लांबी सुमारें ७५ सेंटिमीटर, वजन ६० ग्रॅमच्या आसपास, आणि त्याला ताणून बसविलेले घोड्याच्या शेंपटीचे दीडदोनशें केंस. एवढ्याशा काडीला ताब्यांत आणावयास वर्षें लागतात. गज घोडीशीं समांतर चालला पाहिजे, म्हणजे ज्या लांकडी पुलावरून तारा जातात त्याच्याशीं समांतर. तो तिरपा झाला कीं तार शीळ घालूं लागते. म्हणून रोजच्या रियाजांतील पहिलीं दहा-पंधरा मिनिटें मोकळ्या तारांवर, आरशासमोर, टोंकापासून मुठीपर्यंत संथ गज ओढण्यांत घालवावीं. हें काम कंटाळवाणें आहे, यांत शंका नाहीं. पण पलटे आणि ताना द्रुत लयींत घोटून ज्यांचा आवाज पातळच राहिला असे वादक पाहिले म्हणजे तो कंटाळा स्वस्त वाटूं लागतो. डॉ. एन. राजम् यांनीं पं. ओंकारनाथ ठाकूर यांची गायकी गजावर उतरविली, ती ऐकावी. गवई एका श्वासांत जेवढी ओळ घेतो तेवढी ओळ त्या एका गजांत घेतात. गज कोठें उलटला तें कळतहि नाहीं. पं. गजाननराव जोशी हे तर स्वतःच मोठे गवई होते, आणि पं. डी. के. दातार यांच्या वादनांतहि गाणेंच ऐकूं येई.

गजाची निगा सोपी आहे, पण ती रोज करावी लागते. वाजवून झालें कीं मळसूत्र फिरवून केंस सैल करावे. ताणलेला गज तसाच ठेवला तर काडीचा बांक जातो. केंसांना बोट लावूं नये, कारण बोटाचा तेलकटपणा केंसांना लागला म्हणजे तेथें राळ धरत नाहीं. राळ बेतानें लावावी. नवशिके ती चुन्यासारखी फांसतात, मग वाद्यावर पांढरी धूळ सांचते आणि आवाज खरखरीत होतो. ती धूळ दर वेळीं कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी. स्पिरिटानें पुसूं नये, वार्निश विरघळतें. नियमानें वाजविणारानें वर्षांतून एकदां तरी केंस बदलून घ्यावे. उत्तम गज ब्राझीलमधील पर्नांबुको नांवाच्या लांकडाचे होतात. पण त्या झाडाची इतकी तोड झाली कीं २००७ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. शिकणाराला त्या लांकडाची गरज नाहीं. हल्लीं कार्बनतंतूचे गज मिळतात. ते पावसाळ्यांत वांकत नाहींत आणि पडले तरी सहसा मोडत नाहींत. हातीं थोडे पैसे असतील तर वाद्याची झिलई एक पायरी कमी आणि गज एक पायरी वरचा, असा सौदा करावा.

बसावें कसें, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं सोडवावा. पाश्चात्य वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यामध्यें धरतो. आपल्याकडील शास्त्रीय वादक मांडी घालून बसतो. वाद्याचा रुंद भाग डाव्या खांद्याशीं आणि गोगलगाईसारखें वळलेलें डोकें उजव्या पावलावर. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधु बाळुस्वामी (१७८६–१८५९) यांनीं हें विलायती वाद्य कर्नाटक संगीतांत रूढ केलें; पुढें तिकडे मांडी घालून वाजविण्याची चाल पडली आणि ती उत्तरेकडील वादकांनींहि घेतली. तिचें कारण उघड आहे. वाद्य दोन्ही टोंकांस टेकलें म्हणजे डाव्या हातावर त्याचा भार राहत नाहीं, आणि हात मींड व गमक घेण्यास मोकळा सरकतो. ज्याला चित्रपटाच्या वाद्यवृंदांत किंवा पाश्चात्य संगीतांत जावयाचें आहे त्याला मात्र पहिलीच बैठक लागेल. दोन्ही शिकतां येतात, पण एकदम नव्हे. एक पक्की झाल्यावर दुसरी.

आणि शरीराकडे दुर्लक्ष करूं नये. मेहनतीच्या भरांत मान, डावा आंगठा आणि उजवा खांदा केव्हां आंवळले गेले तें कळत नाहीं. पंचवीस-तीस मिनिटांनीं वाद्य खालीं ठेवून उठावें, हात सोडून चार पावलें टाकावीं. बोटांना मुंग्या येणें, मनगट रात्रीं ठणकणें, हीं तपश्चर्येचीं लक्षणें नव्हेत. तीं दिसतांच रियाज कमी करून डॉक्टरांना दाखवावें. ‘घोटल्याशिवाय येत नाहीं’ हें वचन खरें. पण हात एकदां अधू झाला तर घोटावयाचें कशानें? डाव्या कानाचीहि काळजी घ्यावी. पाश्चात्य पद्धतीनें धरलेलें वाद्य त्या कानापासून वीतभर अंतरावर वाजत असतें, आणि लहान खोलींत तास न् तास वाजविणाऱ्यांचा तो कान उजव्याहून लवकर मंदावतो.

आतां खरेदीविषयीं. मुलासाठीं पाव, अर्धें, पाऊण असे लहान आकार मिळतात. हात सरळ पसरून वाद्य मानेशीं धरावें. वाद्याचें डोकें तळहातांत आलें तर माप बरोबर. ‘पुढें मोठा होईलच’ म्हणून मोठें वाद्य घेणें म्हणजे मुलाला बापाचे जोडे घालून शर्यतींत उभें करणें होय. जुनें व्हायोलिन घेतांना आंत चिकटविलेली चिठ्ठी वाचून हुरळून जाऊं नये. आजोबांच्या व्हायोलिनमध्यें ‘स्ट्राडिव्हारियस, क्रेमोना’ अशी चिठ्ठी सांपडली, म्हणून घरांत लक्षावधि रुपयांची स्वप्नें पडूं लागल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. अंतोनिओ स्ट्राडिव्हारी १७३७ सालीं वारला. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि त्यानंतरहि जर्मनी, बोहेमिया व फ्रान्स येथील कारखान्यांतून त्याच्या नांवाच्या चिठ्ठ्या लावलेलीं वाद्यें ढिगांनीं बाहेर पडलीं. चिठ्ठीवर ‘जर्मनींत तयार झालें’ अशीहि ओळ असेल तर तें वाद्य बहुधा १८९० नंतरचें समजावें, कारण परदेशीं बनलेल्या मालावर देशाचें नांव घालण्याची सक्ति अमेरिकेनें त्या सुमारास केली. म्हणून तें वाद्य टाकाऊ ठरत नाहीं. त्यांतलीं कित्येक आजहि गोड वाजतात.

चिठ्ठीपेक्षां पाहावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. मान सरळ आहे काय, काळी पट्टी आबनुसाची आहे कीं रंगविलेल्या साध्या लांकडाची, घोडी कोणी कारागिरानें वाद्याच्या पोटाला घांसून बसविली आहे कीं कारखान्यांतून आली तशीच उभी केली आहे. घोडी डिंकानें चिकटविलेली नसते; तारांच्या दाबानें ती उभी असते. तशीच आंत एक लहानशी लांकडी काठी, जिला साउंडपोस्ट म्हणतात, नुसत्या दाबानें उभी असते. फ्रेंच कारागीर तिला वाद्याचा ‘आत्मा’ म्हणतात, आणि तें अक्षरशः खरें आहे. ती पडली कीं वाद्य मुकें होतें. म्हणून तारा बदलावयाच्या तर एकेक करून बदलाव्या, चारी एकदम काढूं नयेत. तारा मिळवितां मिळवितां घोडी पट्टीकडे झुकत जाते. ती आठवड्यांतून एकदां पाहून दोन्ही हातांनीं हळूच सरळ करावी. हजार-दोन हजार रुपये कारागिराला देऊन या दोन वस्तु नीट बसवून घेतल्या तर स्वस्तांतलें व्हायोलिनहि ओळखूं येत नाहीं इतकें सुधारतें.

मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत या वाद्याची खरी परीक्षा होते. व्हायोलिन जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसानें जोडलेलें असतें. दमट हवेनें तो सरस मऊ पडतो आणि जून-जुलैच्या सुमारास एखाद्या दिवशीं कडेची शीवण उघडते. मालक घाबरतो. घाबरण्याचें कारण नाहीं. सरस मुद्दाम तसाच निवडलेला असतो. लांकूड फुगलें म्हणजे शीवण सुटावी, लांकूड फुटूं नये, हा त्यांतील हेतु. खरी चूक पुढें होते. घरांतील कोणी हुशार मनुष्य सुतारकामाचा पांढरा डिंक आणून ती शीवण पक्की बसवितो. पुढल्या खेपेस शीवण सुटत नाहीं, समोरची फळी उभी चिरते, आणि जें काम किरकोळ पैशांत झालें असतें त्याला वाद्याची किंमत मोजावी लागते. उघडलेलें वाद्य तारा थोड्या सैल करून कारागिराकडेच न्यावें. खोळींत ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्या, व महिन्याअखेर बदलाव्या. उन्हाळ्यांत बंद मोटारींत व्हायोलिन कधींहि ठेवूं नये. त्या उष्णतेनेंहि सरस सुटतो.

इतकें सगळें सांभाळून जो वादक तयार झाला त्याच्यापुढें पोटाचा प्रश्न उभा राहतो. पं. प्रभाकर जोग यांनीं लहान वयांत पुण्याच्या वाड्यांतून सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर कार्यक्रम केले. तेच जोग पुढें सुधीर फडके यांचे साहाय्यक झाले, आणि १९५५–५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सादर झालें तेव्हां त्यांचें व्हायोलिन त्यांत होतें. नभोवाणीनें या वाद्याला निराळ्या रीतीनेंहि हात दिला. १९४० सालीं अखिल भारतीय नभोवाणीनें पेटीला मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. पेटीवाल्यांवर तो अन्यायच झाला. पण त्या तीस वर्षांत केंद्रावर गायकामागें कोणी तरी बसावयास हवें होतें, आणि तेथें सारंगीबरोबर व्हायोलिनलाहि जागा मिळाली.

दुसरी मोठी चाकरी चित्रपटांची. ती बव्हंशीं गोव्याच्या वादकांनीं उचलली, कारण गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपि लहानपणींच शिकवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्या परंपरेंतले. प्यारेलाल यांनीं व्हायोलिनचे धडे त्यांच्यापाशीं घेतले, आणि १९७७ सालच्या एका प्रसिद्ध चित्रपटांतील गाण्यांत गुरूचें नांव अमर करून ठेविलें. कागदावरची लिपि पाहतांक्षणीं वाजविणें, हें त्या वादकांचें भांडवल. पुढें यांत्रिक स्वरपेट्या आणि संगणक आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनांचे ते ताफे मोडले. ज्यांना केवळ समोरचा कागद वाजवितां येत होता ते घरीं बसले. ज्यांना राग येत होता, साथ येत होती, शिकवितां येत होतें, त्यांनीं संसार चालविले. आजच्या तरुणानें ही हकीकत ध्यानांत ठेवून दोन्ही विद्या घ्याव्या: गुरुमुखानें गायकी आणि कागदावरून पाश्चात्य लिपि. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा देणारानें ट्रिनिटीच्या परीक्षेचाहि अभ्यास करण्यांत कांहीं बाट लागत नाहीं. आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यावी. श्रेणी मिळाली तर कार्यक्रम थोडे असले तरी नांवाला वजन येतें. पहिलीं पांच-सात वर्षें शिकवण्यांवर घर चालेल आणि मैफलींवर हौस भागेल, असा हिशेब मांडावा. नोकरी असेल तर ती तोंवर सोडूं नये.

बिदागी आधीं ठरवावी आणि दोन ओळींत कां होईना, लिहून घ्यावी. आपल्याकडे पैशाची गोष्ट काढणें कलावंताला हलकें वाटतें, आणि कार्यक्रमानंतर चहा पाजून निरोप देणाऱ्या चालकांना तेंच सोईचें असतें. ध्वनिमुद्रणाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तो वाचावा. १९९४ सालीं कायद्यानें वादकाला आपल्या वादनावर हक्क दिला आणि २०१२ सालीं तो वाढविला. न वाचलेल्या सहीनें तो हातचा जाऊं नये.

साथीला बसणाऱ्यानें काय करावें, हें पुष्कळदां मार खाऊनच शिकावें लागतें. त्यानें तासभर आधीं पोंचावें आणि गायकाची पट्टी विचारावी. पुरुष काळी एकमध्यें गाणार आणि नंतर बाई काळी चारमध्यें, अशी बैठक असेल तर तारा इतक्या वरखालीं ओढण्यापेक्षां दुसरें व्हायोलिन बरोबर न्यावें. सर्वांत बारीक तार ऐन रंगांत तुटते. तशा दोन तारा, एक जादा गज आणि राळ खिशांत असावी. जेथून गायकाचा चेहरा दिसेल तेथें बसावें, पाठ दिसेल तेथें नव्हे. गायकाच्या मागें पाऊलभर राहावें. त्याची तान पुरी होण्याच्या आंत ती वाजवून दाखविणें ही हुशारी नव्हे, आगाऊपणा आहे. त्याचा स्वर उतरला तर तो आपल्या वाद्यानें उघडा पाडूं नये. षड्ज हळूच धरावा, तो आपण होऊन सावरतो. आणि गायकानें मान हलवून जागा दिली, पण त्या क्षणीं कांहींच सुचलें नाहीं, तर घाईनें भरताड वाजवूं नये. गायकानें सोडलेला स्वर संथ गजानें धरून ठेवावा. श्रोत्यांना तो विसावा वाटतो, आणि गायकाला पुढचा आलाप उचलावयास सवड मिळते.